निळ्या गटात दहाच नावं

कॉफीची तिसरी किटली संपली तरी मुद्द्याला कुणी हात घालीना. हवेवर बोलून झालं, बोटींच्या वेळांवर बोलून झालं, पाद्रीबुवांच्या दुखऱ्या गुडघ्यावरसुद्धा बोलून झालं. म्हाताऱ्या हानुसचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि तेवढा एक हात सोडून सगळे सगळीकडे बघत होते.

बिला शेगडीपाशी उभी होती. वाऱ्यावर मुरवलेल्या मटणाचं सूप एका चुलीवर, बटाटे दुसरीवर. रविवारचं जेवण, मेंढ्यांच्या हाकाऱ्यानंतरचा पहिला रविवार, म्हणजे घर कसं गजबजलेलं असायला हवं. पण या खेपेला मुलांना, जावयांना, चुलतभावांना ट्रोन्दूरने परस्पर सांगून टाकलं होतं, जेवायला सहानंतर या. आधी आम्हाला आमचं बोलायचंय. आता नवऱ्यानेच असं सांगितल्यावर बिला काय बोलणार? ती बटाटे ढवळत राहिली. उकळते बटाटे ढवळायचे नसतात हे तिला तीस वर्षांपासून माहीत होतं.

"बोला आता," ट्रोन्दूर म्हणाला. "का मीच बोलू?"

"तूच बोल, दादा," रान्वा म्हणाली. ती तोरशाव्न शहरातून आली होती, तिथल्या शाळेत शिकवायची, आणि थोरल्या भावाला घाबरणारी ती कधीच नव्हती. "नाहीतरी तुझ्यापुढे दुसऱ्याला बोलायला मिळतं कुठे?"

सीमुन दाराजवळच्या बाकावर बसला होता. धाकटा भाऊ. दक्षिणेकडच्या बेटावर राहायचा, माशांच्या शेतीच्या बोटीवर काम करायचा, तीन-तीन आठवडे पाण्यावर. त्याने जाकीट काढलं नव्हतं. पाचच्या बोटीने परत जायचं म्हणत होता. कुत्रा त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडलेला.

"चौदा मेंढ्या," ट्रोन्दूर म्हणाला. "चौदा मेंढ्या कड्यावरून समुद्रात. बाबांचं खांद्याचं हाड मोडलं. कशामुळे? स्कोरला माणूस नव्हता म्हणून. आणि स्कोरला कुणी असायला हवं होतं?"

ते कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. डोंगरावरून मेंढ्या खाली कोंडवाड्यात आणायच्या तर समुद्रापासून थेट माथ्यापर्यंत माणसांची रांग लागते, आणि त्या रांगेत स्कोर म्हणजे कड्याचं तोंड. तिथे माणूस उभा असला की मेंढ्या वळतात. नसला की त्यांना ती वाट वाटते. स्कोरची जागा त्यांच्या वारलेल्या आईच्या, मारीनच्या माहेराकडून आली होती. ती परकरी वयात तिथे उभी राहायची, आणि बारा वर्षांपूर्वी तिने ती सीमुनला दिली होती. थोरल्याला नाही, धाकट्याला. ट्रोन्दूरने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि विसरलाही नाही.

"हाकारा शनिवारचा होता," सीमुन म्हणाला.

"होता! शनिवारी वादळ येणार म्हणून गुरुवारी घेतला. बुधवारी दुपारी गटात टाकलं. सगळ्यांना मिळालं. तोरशाव्नहून माणसं रजा टाकून आली. तू तेवढा शुक्रवारी संध्याकाळी कुत्रा घेऊन उगवलास, वरातीमागून घोडं."

"मला काही मिळालं नाही."

"तुला कधीच काही मिळत नाही!"

बिलाच्या हातातली पळी भांड्याच्या काठावर वाजली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं तिचं झालं होतं. तीन वर्षं खवखवत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. घरातल्या सगळ्यांचे फोन एकाच कंपनीचे, आणि त्या फोनांत आपोआप असलेल्या ॲपवर त्यांचा गट. गटाचं नाव 'घर', फोटो कोकराचा, मेसेज निळे. सगळं बिलाने जमवलेलं. मग सीमुनचे तीन फोन एकामागून एक समुद्रात गेले आणि चौथा त्याने दुसऱ्याच कंपनीचा घेतला, जाडजूड, पाण्यात पडला तरी चालणारा, हातमोज्यांच्या बोटांनी चालणारा. तो आला आणि गटाची रयाच गेली. मेसेज हिरवे झाले. फोटो धुक्यातून काढल्यासारखे. कुणी अंगठा दाखवला तर अंगठा दाखवल्याचा वेगळा मेसेज यायचा, एका कोकराच्या फोटोला नऊ ओळी. माणसं वैतागली. सगळ्यांत जास्त ट्रोन्दूर. तेव्हा एका संध्याकाळी बिलाने नवा गट केला. तेच नाव, तोच फोटो, सगळी माणसं. फक्त सीमुन सोडून. त्याला मी वेगळं कळवत जाईन, तिने मनाशी ठरवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? मेसेज पुन्हा निळे झाले, फोटो स्वच्छ झाले. सगळे म्हणाले, सुटलं एकदाचं, फोन सुधारला वाटतं. सीमुन तसाही गटात कधी लिहीत नसे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि तिने कळवलंही. पहिलं वर्षभर नेमाने. मग कधी आठवलं, कधी राहिलं.

"मी किती वेळा सांगितलं," सीमुन म्हणत होता, "की सगळ्यांच्या फोनवर चालतं ते ॲप घ्या. आमच्या बोटीवर नॉर्वेचे आहेत, पोलंडचे आहेत, एक फिलिपिन्सचा आहे. सगळे त्याच्यावर बोलतात. कुणाचा फोन कुठला, कोण विचारतंय?"

"बोटीवरच्यांना घर नाही, दादाला आहे," रान्वा म्हणाली. "दादाला वाटतं घर म्हणजे एकाच दुकानातून घेतलेले दहा फोन."

"तू गप्प बस गं. एका माणसाच्या फोनसाठी दहा माणसांनी वाकायचं? ह्याने सगळ्यांसारखा फोन घ्यावा, प्रश्न मिटला. जे ॲप फोनमध्ये फुकट येतं ते सोडून आणखी एक डबडं कशाला घालायचं?"

"म्हणजे ज्याच्या हातात तुमचा फोन नाही तो घरातला नाही."

"मी असं म्हणालो?"

"म्हणायला कशाला हवं, केलंस की."

"आणि तू गं?" ट्रोन्दूर तिच्याकडे वळला. "तुझ्याकडे आहे ना ते ॲप? शाळेच्या पालकांशी दिवसभर बोलतेस त्याच्यावर. मग गेल्या दीड वर्षात सीमुनशी किती बोललीस? सांग की."

रान्वाने कपाच्या कानाशी चाळा केला. सीमुनने बहिणीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

दीड वर्ष. त्या घरात दीड वर्ष म्हटलं की सगळ्यांना एकच आठवायचं. मेंढ्यांवरून सुरू झालेली गाडी आता कुठे जाणार ते बिलाला दिसत होतं.

हानुस अजून बोलला नव्हता. तो डाव्या हाताने टेबलावरचे केकचे तुकडे गोळा करत होता, एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी. सत्याहत्तर वर्षांचा माणूस. गुरुवारी सकाळी रांगेत स्कोर मोकळा दिसला तेव्हा तो काठी टाकून धावला होता. म्हणजे धावला असं तो म्हणतो. ओल्या गवतावरून घसरत गेला आणि दगडावर आपटला. मेंढ्या त्याच्या अंगावरून गेल्या.

"मी त्या गटातून निघणार नाही," तो म्हणाला. "आधीच सांगतो."

"तुम्हाला कोण काढतंय, बाबा?" ट्रोन्दूर म्हणाला.

"मारीन आहे त्यात."

मारीन त्या गटात होती हे खरं होतं. तिचा नंबर कुणी काढला नव्हता. शेवटच्या महिन्यांत तिच्या बोटांना लिहायला जमेना, तेव्हा नातवाने तिला बटण दाबून बोलायला शिकवलं होतं, आणि मग म्हातारीने गटात धुमाकूळ घातला होता. इस्पितळातल्या सूपाबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्याबद्दल, कुणी कुठे काय ठेवलंय त्याबद्दल. हानुस रोज सकाळी कॉफीबरोबर त्यातलं एखादं ऐकायचा. हळू आवाजात, पण बिलाला भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

"म्हणून मी म्हणतो, गट हलवायचा नाही," ट्रोन्दूर म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की बिलाला जास्त भीती वाटायची. "आईचं सगळं त्यात आहे. आणि सीमुन, विषय निघाला म्हणून सांगतो, नाहीतर मी मेलो तरी बोललो नसतो. मेंढ्यांचं सोड. मेंढ्या येतील. आईने तुला बोलावलं होतं."

सीमुनने मान वर केली. "काय?"

"इस्पितळातून. तुझं नाव घेऊन. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी वाट बघितली. तू तिचं सगळं आटपल्यावर चौथ्या दिवशी आलास, आणि दारात उभा राहून विचारलंस, त्रास झाला का तिला. मी तेव्हाच तुला बाहेर काढायला हवा होता."

"दादा," रान्वा म्हणाली, पण तिच्या आवाजात विरोध नव्हता. तिलाही हेच म्हणायचं होतं इतके दिवस.

"मला कुणी बोलावलं नाही," सीमुन सावकाश म्हणाला. "तुझा फोन आला तेव्हा ती गेली होती. मला तर वाटलं... मला वाटलं तुम्ही मुद्दाम उशिरा कळवलंत. स्कोरवरून राग आहे दादाला, म्हणून."

"मी? मुद्दाम? आईच्या मरणात?"

ट्रोन्दूर उभा राहिला. खुर्ची मागे पडली. कुत्रा उठून भुंकला.

"बसा!" हानुस म्हणाला. "दोघंही बसा. कुत्र्याला पण बसव."

"हे आत्ता कळेल," रान्वा म्हणाली आणि तिने पर्समधून फोन काढला. "गटात आहे ना सगळं? बघू या कुणाला काय पोचलं. मेसेज पोचला की खाली 'पोचला' असं येतं."

बिलाने ओट्याची कड धरली. रान्वाने गट उघडला. कोकराचा फोटो वर आला, गोल, पांढरा. त्या फोटोवर बोट ठेवलं की खाली नावं येतात. दहा. मोजायला किती वेळ लागतो? रान्वाचं बोट वर आलं. बिलाला वाटलं, दाब. दाब एकदाचं. आणि त्याच वेळी वाटलं, देवा, नको.

"नको, ताई," सीमुन म्हणाला. "ठेव तो फोन."

"अरे पण..."

"ठेव. काय सिद्ध करायचंय? आला असेल. हा ठोकळा माझा, समुद्रात रेंज नसते, अर्ध्या गोष्टी खातो. खाल्ला असेल. आईचंही खाल्लं असेल." त्याने तळव्यांनी चेहरा पुसला. छत्तीस वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी पन्नाशीचा दिसला. "म्हणजे ती बोलावत होती आणि मी फोन खिशात घालून मासे मोजत होतो. बरोबर आहे तुमचं. दादा, स्कोर तू दे कुणाला द्यायचाय त्याला. रोकूरला दे, तुझ्या जावयाला. पाय चांगले आहेत त्याचे."

रान्वाने फोन पालथा ठेवला. तिचे डोळे भरले होते. ट्रोन्दूरने खुर्ची उचलून सरळ केली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा.

झालं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. कुणी विचारणार नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. आता हानुस दर वर्षीप्रमाणे रांग म्हणणार होता. समुद्रापासून माथ्यापर्यंत एकेक जागेचं नाव घ्यायचं, ज्याची असेल त्याने 'उभा' म्हणायचं. ज्या जागेला आवाज येत नाही ती दुसऱ्याला जाते, आणि एकदा गेली की गेली. ज्याचं नाव रांगेत नाही तो या घरचा पाहुणा. त्याला जेवायला वाढतात, पण डोंगराचं कुणी विचारत नाही.

"समुद्राकाठ," हानुस म्हणाला.

"उभा," ट्रोन्दूर म्हणाला.

"काळा दगड."

"उभी," रान्वा म्हणाली. आवाज फुटलाच नाही नीट.

हानुसने श्वास घेतला. पुढची जागा स्कोर.

"थांबा, बाबा," बिला म्हणाली.

कुणीही बघितलं नाही. बिला स्वयंपाकघरात काहीतरी म्हणते, ते मिठाबद्दल असतं.

"थांबा म्हणते ना!" तिने शेगडी बंद केली. "तो गटात नाहीये. सीमुन गटात नाहीये. तीन वर्षं नाहीये. मीच काढला. म्हणजे काढला नाही, नवा गट केला तेव्हा घेतलाच नाही. फोटो धुरकट यायचे म्हणून."

"काय बोलतेस तू?" ट्रोन्दूर म्हणाला.

"रान्वा, दाब त्या कोकरावर. नावं मोज. दहा आहेत. आईंचं धरून दहा."

रान्वाने फोन उलटा केला. तिचे ओठ हलताना दिसत होते. ती मोजत होती, आणि मग परत मोजत होती.

"मी वेगळं कळवत होते," बिला म्हणाली. आता तिला थांबता येईना. "हाकाऱ्याचं दर वर्षी कळवलं, विचारा त्याला. बुधवारी माशांची आतडी साफ करत होते, हात भरलेले, म्हटलं हात धुते आणि त्याला टाकते. आणि राहिलं. गुरुवारी सकाळी बाबांना घसरताना बघितलं तेव्हा आठवलं. चौदा मेंढ्या त्याच्यामुळे नाही गेल्या, माझ्यामुळे गेल्या."

"आणि आई?" हा सीमुनचा आवाज होता. इतका हळू की कुत्र्याने कान उभे केले.

बिलाने एप्रनला हात पुसले. ओले नव्हते तरी पुसले.

"आईंना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं तू ऐकतोयस. मलाही शेवटच्या दिवशी दुपारी लक्षात आलं. तुला तीन वेळा फोन लावला, लागला नाही."

"तुझे तीन मिस्ड कॉल होते. मला वाटलं बातमी द्यायला केलेस."

"नाही. त्या जिवंत होत्या तेव्हा."

ट्रोन्दूर म्हणाला, "दीड वर्षं. दीड वर्षं माझ्या शेजारी झोपतेस तू. मी माझ्या भावाला रोज मनात शिव्या घालतो आणि तू ऐकतेस." तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "का नाही बोललीस?"

"लाज वाटली. आधी वाटलं, अंत्यविधी होऊ दे. मग वाटलं, नाताळ होऊ दे. मग इतका उशीर झाला की सांगायचं कसं तेच कळेना."

"मला ऐकव," सीमुन म्हणाला.

"काय?"

"ती काय म्हणाली ते."

हानुसने डाव्या हाताने खिशातून आपला फोन काढला. नातवाचा जुना, कोपऱ्यात तडकलेला. चष्मा न लावता त्याने बोट वर वर सरकवलं आणि बरोबर ठिकाणी थांबवलं. तो मेसेज कुठे आहे ते त्याला पाठ होतं.

मारीनचा आवाज स्वयंपाकघरात आला. "सीमुन, आई बोलतेय. हे दाबूनच धरायचं ना? हां. ऐक. डॉक्टर म्हणतात आता थोडेच दिवस. डॉक्टरांचं काय, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची. तर बोट मिळाली तर येऊन जा. वारा असला तर मुळीच निघू नको, मी थांबते. कुत्र्याला ठेवून ये कुणाकडे तरी, इथे आत घेत नाहीत. बास. आता सोडते हं बोट."

कुत्र्याने आवाज ओळखला आणि उठून टेबलाखाली शोधायला गेला. ते बघून रान्वा रडायला लागली, मोठ्याने, चेहरा न झाकता.

सीमुन रडला नाही. तो फोनकडे बघत होता, जणू आणखी काही येईल.

"थांबते म्हणाली," तो म्हणाला. "म्हणजे तिने वाट बघितली. आणि तिला वाटलं, मी ऐकलं. ऐकूनही आलो नाही, असं वाटून गेली ती." त्याने बिलाकडे पाहिलं. "हे तू परत कसं देणार मला?"

आता जे बिलाने सांगितलं ते तिने स्वतःलासुद्धा कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तसं वाटून नाही गेल्या. तुझा फोन लागेना तेव्हा मी आत गेले. त्यांनी विचारलं, सीमुनचं काय झालं. मी खोटं बोलले. म्हटलं, निघालाय. बोटीवर आहे."

"आणि?"

"त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, मग बटाटे जास्त टाक. उपाशी येतो तो." बिलाने भांड्यावर झाकण ठेवलं. "त्यानंतर बोलल्या नाहीत. सकाळी गेल्या. पण तू येतोयस, असं समजून गेल्या, सीमुन. तेवढं एक मी खोटं बोलले आणि तेवढ्याचीच मला लाज नाही वाटत."

बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. सीमुन वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच होती. त्याने सोडली आणि परत बांधली, आणि त्याचे खांदे हलत होते ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी पाहिलं नाही.

ट्रोन्दूर उठला. भावापर्यंत चार पावलं होती. त्यातली दोन तो चालला. मग त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने खिशातून फोन काढून रान्वापुढे टेबलावर ठेवला.

"घाल ते," तो म्हणाला.

"काय घालू?" रान्वाने नाक पुसलं.

"ते सगळ्यांचं डबडं. मला नाही जमत. पासवर्ड बिलाला माहीत आहे."

"आणि आईचे आवाज?"

"ते इथेच राहतील," हानुस म्हणाला. त्याने आपला तडकलेला फोन छातीशी धरला होता. "मी यात राहतो तिच्याबरोबर. तुम्ही जा तिकडे. मलाही घ्या तिकडे. दोन्हीकडे बघत जाईन, मला दुसरं काम काय आहे? आवाज कुठे ठेवायचा ते सापडेल. माणूस कुठे ठेवायचा ते आधी ठरवा." मग तो सुनेकडे वळला. "सूनबाई, चौदा मेंढ्यांचं आणि माझ्या हाडाचं मी तुला काही बोलणार नाही. पण नवा गट झाला की तू एकेक नाव मोठ्याने वाचायचंस. सगळ्यांसमोर. आज जेवायला येतील तेव्हा. आणि काय केलंस तेही सांगायचंस."

"हो, बाबा."

"आणि हाकाऱ्याचा दिवस बदलला की मेसेजबिसेज काही नाही. सीमुनला फोन करायचा. तो हॅलो म्हणेपर्यंत."

"हो."

म्हाताऱ्याने खाकरून घसा साफ केला. डाव्या हाताने टेबलावरचे केकचे तुकडे बाजूला सारले.

"समुद्राकाठ, झालं. काळा दगड, झालं." तो थांबला. धाकट्याकडे त्याने पाहिलं नाही. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, जिथे ढग कड्याच्या तोंडाशी येऊन अडले होते. "स्कोर."

शेगडीवरचं भांडं निवताना टिकटिकत होतं. रान्वाने ओठ चावला. ट्रोन्दूर, ज्याला बारा वर्षं ती जागा हवी होती, तो भावाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढंच होतं, म्हण, अरे म्हण.

"उभा," सीमुन म्हणाला.

"मोठ्याने. तिथे वारा असतो."

"उभा आहे!"

हानुसने मान हलवली आणि पुढची जागा घेतली, मग त्याच्या पुढची. माथ्यापर्यंत गेला. गैरहजर असलेल्यांच्या वतीने ट्रोन्दूर 'उभा' म्हणत राहिला, चुलतभावांच्या, जावयाच्या, मुलाच्या, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा कमी कापत होता. संपलं तेव्हा घड्याळात साडेचार वाजले होते. धक्क्यावर पोचायला वीस मिनिटं लागतात.

सीमुनने घड्याळाकडे पाहिलं. मग जाकिटाची चेन खाली ओढली. शेवटपर्यंत ओढली, जाकीट काढलं आणि बाकावर टाकलं. कुत्रा लगेच त्यावर जाऊन बसला.

"वहिनी."

"हं?"

"तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत," बिला म्हणाली.

"मला वेळ लागेल. किती लागेल माहीत नाही. कदाचित लागेल आणि जमणारही नाही."

"हो."

सीमुनने तिच्यामागच्या भांड्याकडे मान केली.

"त्यात पुरतील का?" तो म्हणाला. "मी उद्याच्या बोटीने जातो. बटाटे टाक आणखी."